क्यूफिल्ड अ‍ॅप: रायमुनियाचा हिशोब ठेवायला फुकटात मस्त, फक्त ग्रुपमध्ये एक लॅपटॉपवाला पाहिजे

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईवाले मोकळे. क्यूफिल्ड, म्हणजे जागेवर उभं राहून नकाशावर नोंदी करायचं फोनचं अ‍ॅप, ५ पैकी ४ स्टार. आम्ही ते जंगलातल्या रायमुनियासारख्या तणाचा हिशोब ठेवायला वापरतो. किंमत शून्य रुपये, जाहिराती नाहीत, टेकडीवर नेटवर्क गेलं तरी चालतं, फॉर्म पूर्ण मराठीत बनवता येतो. एक स्टार कापला कारण अ‍ॅप फोनवर चालतं पण त्याची नीट तयारी लॅपटॉपवर करावी लागते, आणि ते करणारा एक तरी माणूस तुमच्यात नसला तर डाउनलोड करून डोस्क खाजवत बसाल. बाकी खाली सविस्तर लिहितो, लांब झालंय, चहा घेऊन बसा.

आमचा ग्रुप म्हणजे रजिस्टर संस्था वगैरे काही नाही. रविवारी सकाळी तर्री-पोह्याच्या आधी टेकडीवर जाऊन घाम गाळणारे लोक, त्यात दोन रिटायर्ड काका, एक कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या ताई, काही इंजिनिअरिंगचे पोट्टे आणि माझ्यासारखे दोनचार नोकरीवाले. नागपूर शहराच्या पश्चिमेला झुडपी जंगलाचा एक तुकडा आहे, वनविभागाची रीतसर परवानगी काढून तिथलं बाहेरून आलेलं तण काढतो. मुख्य दुश्मन रायमुनिया, म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला घाणेरी नाहीतर टणटणी म्हणतात ती, मग रानतुळस, उघड्यावर गाजरगवत, नाल्याच्या काठाने बेशरम आणि कुंपणाकडून आत घुसून राहिलेली सुबाभूळ.

आता कोणी म्हणेल झाड आहे, हिरवं आहे, राहू द्या की. नाही बुवा. रायमुनिया इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेसाठी आणली, फुलं गोड दिसतात म्हणून, आणि २०२० मध्ये एक अभ्यास छापून आला त्यात हिशोब असा आहे की देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांच्या वर भागात ती पसरली आहे, जवळपास १,५४,००० चौरस किलोमीटर. म्हणजे पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला या आपल्या सगळ्या पट्ट्याचा हा प्रश्न आहे. तिची जाळी एकदा दाट झाली की खाली गवत येत नाही, गवत नाही तर चितळ कशाला थांबेल, गुरांनी पाला खाल्ला तर विषबाधा, आणि उन्हाळ्यात तीच वाळून आगीला खालून वर चढायला शिडी देते. काळी फळं बुलबुल-साळुंक्या खातात आणि बी चारी दिशांना नेऊन टाकतात. त्यामुळे 'इथली संपवली' असं कधी नसतं.

आणि हाच तो मुद्दा ज्याच्यासाठी नकाशा लागतो. उपटायला मजा येते, पाच-सहा जण सब्बल टिकास घेऊन भिडले की सकाळभरात बरीच जागा मोकळी होते, फोटो पण झकास येतात. पण पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागेवर परत जाऊन कोवळे फुटवे आणि बियांतून आलेली रोपं काढली नाहीत ना, तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. आणि पावसाळ्यानंतर त्या जंगलात सगळं इतकं वाढलेलं असतं की 'तीच जागा' कोणती यावर दोन काकांचं भांडण ठरलेलं. एक म्हणणार मोहाच्या डाव्या हाताला, दुसरे म्हणणार तो मोह नव्हताच, तो बिब्बा होता.

आधी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायचो. त्याचा उपयोग काहीच नाही कारण व्हॉट्सअ‍ॅप फोटो बारीक करताना त्यातलं लोकेशन काढून टाकतं, मग ग्रुपमध्ये हिरव्या झुडपांचे शेकडो फोटो आणि कुठला कुठला काही कळत नाही. मग गूगल माय मॅप्स वापरून पाहिलं, वाईट नाही, ज्यांना फक्त पिना टाकून बाकीच्यांना दाखवायचंय त्यांनी तेच वापरा, उगाच पुढचं वाचू नका. पण जागेवर उभं राहून फॉर्म भरायचा, दाटपणा लिहायचा, त्याच जागेची दुसऱ्या वर्षीची नोंद पहिलीला जोडायची, हे त्याचं काम नाही. आयनॅचरलिस्ट वेगळ्या कामाचं, झाड ओळखायला ते एकदम भारी, आमचे पोट्टे त्यावरच झाडं शिकले, जगभरचे लोक ओळख दुरुस्त करून देतात आणि धोक्यातल्या प्रजातीची नेमकी जागा ते आपोआप झाकतात हेही चांगलं. पण तिथे 'हे इथे दिसलं' एवढीच नोंद होते. 'इथे पूर्ण फिरलो आणि रायमुनिया नाही' ही नोंद होत नाही, आणि तण काढणाऱ्या माणसाला ही दुसरी नोंद पहिलीइतकीच लागते, नाहीतर नकाशावर रिकामी दिसणारी जागा खरंच साफ आहे की तिकडे कोणी गेलंच नाही हे कसं कळणार?

तर क्यूफिल्ड. हे क्यूजीआयएस नावाच्या सॉफ्टवेअरचं फोनवरचं भावंड आहे. क्यूजीआयएस २००२ पासूनचं, ओपन सोर्स, नकाशाच्या कामाला सरकारी ऑफिसांपासून युनिव्हर्सिट्यांपर्यंत सगळीकडे चालतं. क्यूफिल्ड स्वित्झर्लंडच्या ओपनजीआयएस नावाच्या कंपनीने बनवलं, तेही ओपन सोर्स, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर मिळतं. पद्धत अशी की लॅपटॉपवर क्यूजीआयएसमध्ये प्रोजेक्ट बनवायचा, त्यात मागचा नकाशा, तुमचे लेयर (नकाशावर ठेवलेले नोंदींचे थर) आणि फॉर्म, मग क्यूफिल्डसिंक हे प्लगिन टाकून ते सगळं पॅक करून फोनमध्ये न्यायचं. जागेवर नोंदी करायच्या, घरी येऊन परत लॅपटॉपवर ओढायच्या.

हे 'लॅपटॉपवर बनवायचं' वाक्य लिहायला सोपं आहे. आमच्याकडे भूगोलवाल्या ताई होत्या म्हणून निभावलं. त्या नसत्या तर मी सुद्धा तासाभरात अनइन्स्टॉल केलं असतं, खोटं काहून बोलू. लेयर म्हणजे काय, पॉइंट (एक ठिपका) वेगळा पॉलिगॉन (जागेभोवतीचा बंद आकार) वेगळा, जिओपॅकेज काय आणि शेपफाइल काय (दोन्ही नकाशाच्या नोंदी साठवायच्या फाइलींचे प्रकार). शेपफाइलमध्ये कॉलमचं नाव दहा अक्षरांच्या वर जात नाही आणि देवनागरी टाकलं तर कधीकधी अक्षरांचा चिवडा होतो, म्हणून ताईंनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं की सगळं जिओपॅकेजमध्येच. ते ऐका, डोळे मिटून ऐका. दुसरं म्हणजे क्षेत्रफळ मोजायचं तर प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, बरोबर पाहिजे, नागपूर यूटीएम या पद्धतीच्या ४४ नंबरच्या झोनमध्ये (उभ्या पट्ट्यात) येतं, क्यूजीआयएसमध्ये त्याचा कोड ईपीएसजी ३२६४४ निवडायचा. अमरावतीवाले वाचून राहिले असतील तर तुमचं ४३ मध्ये येतं, ७८ रेखांशावर झोन बदलतो, आमचा प्रोजेक्ट जसाच्या तसा उचलू नका.

फॉर्म मात्र एकदा बनला की पुढे सुख आहे. आमचा फॉर्म अगदी छोटा ठेवलाय. कोणतं तण, ते यादीतून निवडायचं, टाइप करायचं नाही, कारण टाइप करायला दिलं की एकाच झाडाची चार नावं येतात आणि मग मोजणी बोंबलते. दाटपणा चार पायऱ्यांत: नाही, तुरळक, मध्यम, जाळी. फुलं-फळं आहेत का. काय केलं: नुसतं पाहिलं, उपटलं, दुसऱ्यांदा उपटलं. एक फोटो. तारीख आणि नाव आपोआप भरतं. बस. पहिल्यांदा ग्रुपमधल्या एका उत्साही भावाने मातीचा रंग, उतार, सावली, जवळचं पाणी असे रकाने सुचवले होते, ते ताईंनी हसत हसत उडवले, आणि बरं केलं, घामाने भिजलेल्या अंगठ्याने जास्तीत जास्त पाच गोष्टी भरल्या जातात.

अजून एक सोय आहे ती लोकांच्या लक्षात येत नाही. फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याला 'मागचंच ठेव' अशी खूण करता येते. एकाच पट्ट्यात रायमुनियाच रायमुनिया असली की तणाचं नाव परत परत निवडावं लागत नाही, फक्त दाटपणा बदलायचा आणि पुढे. काकांना ही सोय सापडली त्या दिवसापासून काका या अ‍ॅपचे ब्रँड अ‍ॅम्बेसेडर झालेत.

आता जागेवरचा अनुभव. स्क्रीनच्या मध्ये एक क्रॉस असतो, तो स्वतःच्या जीपीएसवर लॉक करायचा, अधिकचं बटण दाबायचं, पॉइंट पडला. जाळी मोठी असेल तर तिच्या भोवतीने चालत जायचं, ट्रॅकिंग चालू ठेवलं की आपोआप पॉलिगॉन बनतो. ऐकायला भारी, पण रायमुनियाच्या जाळीभोवती चालणं म्हणजे हात-पाय खरवडून घेणं, आणि एका बाजूला नाला असला तर चालताच येत नाही, मग आम्ही तीन बाजूंनी चालतो आणि चौथी बाजू क्रॉस सरकवून हाताने काढतो. चालतं. फोनच्या जीपीएसला उघड्यावर तीन ते पाच मीटरची चूक असतेच, झाडाखाली गेलं की वाढते. अ‍ॅप ही चूक आकड्यात दाखवतं आणि ठरवलेल्या मर्यादेपेक्षा सिग्नल खराब असला तर नोंदच घेऊ देऊ नको असंही सांगता येतं. काही सेकंद थांबून सरासरी घेण्याची सोय पण आहे. जाळीसाठी पाच मीटर इकडेतिकडे झाले तर काय बिघडत नाही. एकट्यादुकट्या रोपासाठी बिघडतं, तिथे फोटो असा काढायचा की मागे एखादं ओळखीचं झाड किंवा दगड आला पाहिजे. ब्लूटूथवाले महागडे जीपीएस रिसीव्हर जोडता येतात पण या कामाला ते घेणं म्हणजे पैसा जास्त झाला असं समजायचं.

उन्हाचं सांगायलाच पाहिजे कारण आपण नागपूरकर. एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेनऊनंतर स्क्रीनवर काही दिसत नाही, ब्राइटनेस फुल केला की फोन तापतो, तापला की आपोआप अंधुक होतो, आणि जीपीएस सतत चालू म्हणून बॅटरी सरसर उतरते. यात अ‍ॅपची चूक नाही, कोणतंही मॅपचं अ‍ॅप असंच करणार. पॉवरबँक, टोपी, आणि स्क्रीनवर सावली धरायला बाजूला एक पोट्टं.

क्लाउडचं थोडक्यात. क्यूफिल्डक्लाउड नावाची त्यांचीच सेवा आहे, फुकट खातं मिळतं पण जागा थोडी, फोटो मोठे ठेवले तर भरून जाते, म्हणून फोटोचा साइज आधीच कमी करून ठेवा. जास्त जागा पाहिजे तर पैसे द्या. आम्ही देत नाही, फोटो केबलने लॅपटॉपवर घेतो आणि फक्त नोंदी क्लाउडवर. एक लक्षात ठेवा, दोन जणांनी एकच नोंद दोन फोनवर बदलली तर सेटिंगप्रमाणे जो शेवटी ढकलेल त्याचं खरं धरलं जाऊ शकतं. म्हणून पट्टे वाटून घ्या, एका पट्ट्यात एकच फोन.

आता मजेचा भाग, सॅटेलाइट. युरोपच्या सेंटिनेल-२ चे फोटो फुकट मिळतात, कोपर्निकस ब्राउझर नावाची वेबसाइट उघडायची, नागपूर शोधायचं, झालं. २०१५ पासूनचे आहेत आणि दर पाच दिवसांच्या आसपास नवीन येतो, पावसाळ्यात मात्र ढगच ढग. सगळ्यात बारीक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे साधारण हजार स्क्वेअर फुटाचा प्लॉट, बेसा-मनीषनगरला प्लॉट बघत फिरलेल्या माणसाला अंदाज लगेच येईल. त्या हजार फुटात जे काही असेल त्याचा एकच सरासरी रंग.

जलपर्णीसाठी हे जबरदस्त चालतं. पाणी निअर इन्फ्रारेडमध्ये (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, सॅटेलाइटला दिसतो) जवळजवळ काळं दिसतं आणि हिरवा पाला चमकतो, त्यामुळे अंबाझरी तलावात जलपर्णी कुठून सुरू झाली, वाऱ्याने कोणत्या काठाला जमा झाली, मशीन लावून काढल्यावर किती उरली, हे घरी कुलरसमोर बसून मागच्या तारखांशी ताडून पाहता येतं. जलपर्णी चांगल्या हवेत दोन आठवड्यांच्या आत दुप्पट होऊ शकते, आणि तिला ताकद मिळते सांडपाण्यातून, त्यामुळे नुसती काढून उपयोग मर्यादित, पण निदान 'तलाव साफ झाला' म्हणून बातमी आल्यावर खरंच झाला का हे कोणीही तपासू शकतं. मला वाटतं शहरातल्या प्रत्येक तलावाच्या आसपासच्या एका तरी शाळेने हे पोरांना शिकवावं, काही इन्स्टॉल पण करावं लागत नाही.

रायमुनियाचं मात्र सोपं नाही. वर साग आणि खाली ती, वरून काय दिसणार? थंडी सरता सरता सागाची पानं गळतात तेव्हा खालची हिरवी जाळी काही ठिकाणी वरून कळते, पण तेव्हा ओल्या नाल्याकाठचं दुसरं झुडूपही तसंच हिरवं असतं आणि खडकाळ चढावरची रायमुनिया तोवर अर्धी वाळलेली. म्हणून सॅटेलाइट फोटोवर हिरवं दिसलं की रायमुनिया धरायचं नाही. आम्ही उलटं करतो: सॅटेलाइटवरून शंकेच्या जागा काढायच्या, त्या क्यूफिल्डमध्ये टाकायच्या, आणि रविवारी जाऊन बघायचं. त्यातल्या कित्येक जागी भलतंच काही निघतं, एकदा तर मस्त मुरुडशेंगीची झुडपं निघाली, आपलीच, देशी. कोणी नुसत्या सॅटेलाइटवरून मजूर लावून साफसफाई करायला गेलं असतं तर तीच उपटली असती.

ड्रोनबद्दल पण विचारतात लोक. आम्ही वर्गणी काढून एका ड्रोनवाल्याकडून उडवून घेतलं, नाव लिहीत नाही. फोटो सुंदर, फेसबुकवर टाकायला एक नंबर, पण दिलं काय तर नुसती जेपीईजी, त्यात कोऑर्डिनेट (अक्षांश-रेखांश) नाहीत, म्हणजे नकाशावर ठेवायचंच कसं? विचारलं तर म्हणे जिओरेफरन्स केलेल्या, म्हणजे नकाशावर नेमक्या जागी बसणाऱ्या, फाइलचे वेगळे पैसे. तुम्ही करून घेणार असाल तर आधीच लिहून घ्या की जिओटिफमध्ये (लोकेशन सांभाळणारी फोटो फाइल) ऑर्थोमोज़ेक, म्हणजे सगळे फोटो जोडून केलेला एक सरळ नकाशा, पाहिजे. आणि उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटच्या नकाशावर झोन तपासा, शहरात विमानतळ आहे, एअरफोर्स आहे, रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि वनजमिनीवर वनविभागाला विचारणं वेगळंच. एवढं सगळं करून ड्रोनलाही सागाच्या पानाखालचं दिसत नाहीच. माझं मत, नाल्याकाठची बेशरम आणि उघड्या माळावरची सुबाभूळ यासाठी ड्रोन ठीक, झाडाखालच्या कामाला पाय पाहिजेत.

जरा विषय सोडून, हे सगळं आपल्या गावात होऊन राहिलं याची मला वेगळीच गंमत वाटते. झिरो माइल आपलं, महाराष्ट्राचं रिमोट सेन्सिंगचं सरकारी केंद्र, एमआरसॅक, इथेच व्हीएनआयटीच्या आवारात, माती आणि जमीन वापराच्या सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ब्यूरो अमरावती रोडवर. आणि ज्याने १८०२ मध्ये मद्रासकडून देश मोजायला सुरुवात केली तो विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येता येता १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, कबर अजून तिथेच आहे. नकाशावाल्यांचं गाव आहे हे, आणि तरी आपल्या लोकांना स्वतःच्या वॉर्डाचा नकाशा उघडून दाखव म्हटलं तर गूगल मॅपवर सावजी शोधून राहिले असतात. असो.

तर नकाशामुळे आमचं काय बदललं. सगळ्यात मोठी गोष्ट, कुठून सुरुवात करायची हे बदललं. आधी आम्ही सगळ्यात दाट जाळीवर तुटून पडायचो कारण तिथे काम केल्यासारखं वाटतं. पहिल्या हंगामाचा नकाशा समोर आला तेव्हा दिसलं की मधली मोठी जाळी आहे तिथेच आहे, आणि तिच्यापासून लांब, चांगल्या गवताच्या पट्ट्यात, तुरळक एकटी रोपं ठिपक्यांसारखी पडली आहेत, पक्ष्यांनी टाकलेली. उद्याच्या जाळ्या त्याच. तण-नियंत्रणाच्या शास्त्रात हे जुनं आहे, लांबचे छोटे ठिपके आधी मारा आणि मग मोठ्या जाळीला कडेकडेने आत ढकलत न्या, पण डोळ्यांनी नकाशावर पाहिल्याशिवाय ते आमच्या लोकांच्या गळी उतरत नव्हतं. बेशरमचं पण तसंच, तिचे तुकडे पाण्याबरोबर वाहून खाली रुजतात, म्हणून नाल्याच्या वरच्या टोकाकडून खाली यायचं.

उपटायची पद्धत पण आम्ही फॉर्ममध्ये घातली आहे. रायमुनिया वरून छाटली की दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली युनिव्हर्सिटीच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी जी पद्धत बसवली ती अशी की जमिनीच्या थोडं खाली, जिथून फुटवे येतात त्या भागाच्या खाली, मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं म्हणजे मातीला लागून परत रुजत नाही. आम्ही दोन्ही प्रकारच्या जागा नकाशावर वेगवेगळ्या रंगात ठेवल्या, छाटलेल्या आणि मुळातून काढलेल्या, आणि पावसाळ्यानंतर त्याच पॉलिगॉनवर परत जाऊन दाटपणा भरला. छाटलेल्या जागांचा रंग बघून छाटणीच्या बाजूचे जे काका होते ते गप्प झाले. भाषण द्यायची गरजच पडली नाही.

आणि एक, सगळी एकदम काढू नका. वर्षानुवर्षं ती तिथे आहे, तिच्यात पक्षी घरटी करतात, ससे-मुंगूस लपतात. एक पट्टा काढला की तिथे आधी गवत येऊ द्यायचं, पवन्या, कुसळी, मारवेल, मग पुढचा पट्टा. मोकळी जमीन सोडली तर पहिल्या पावसात रानतुळस नाहीतर तरोटा येऊन बसतो आणि तुम्ही एक तण काढून दुसरं लावलं असं होतं. आमच्या फॉर्ममध्ये म्हणून 'गवत आलं का' असा हो-नाहीचा एक रकाना नंतर वाढवला. तो ताईंनी उडवला नाही.

वनविभागाकडे स्वतःचं अ‍ॅप आहे, एम-स्ट्राइप्स, वन्यजीव संस्था आणि व्याघ्र प्राधिकरणाचं, २०१० पासून. वनरक्षक गस्तीत ते वापरतात आणि व्याघ्रगणनेत झाडं-झुडपं-तण यांच्या नोंदी पण त्यात होतात. ते आपल्यासारख्यांसाठी नाही आणि असूही नये. पण आपल्या नोंदी त्यांच्या कामाच्या करायच्या असतील तर क्यूजीआयएसमधून केएमएल (गूगल अर्थमध्ये चालणारी नकाशाची फाइल) काढून द्या, ती कुठेही उघडते. एका ऑफिसमध्ये आम्ही ऐटीत जिओपॅकेज नेली तर साहेब म्हणाले प्रिंट काढून आणा. काढून नेली. मोठ्या कागदावर रंगीत प्रिंट भिंतीवर लागली आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून आमचं म्हणणं जास्त ऐकलं जाऊन राहिलं.

कोणी घ्यावं: ज्यांना एकाच जागेवर वर्षानुवर्षं परत जायचंय, तलाव, टेकडी, शाळेचं आवार, गावाचं गायरान, काही पण. कोणी घेऊ नये: ज्यांना एका रविवारची मोहीम करून फोटो टाकायचाय, त्यांना व्हॉट्सअ‍ॅप पुरे आहे. ज्यांच्याकडे लॅपटॉपवाला नाही त्यांनी कोबोटूलबॉक्स नाहीतर एपिकलेक्ट बघा, फॉर्म ब्राउझरमध्येच बनतो, जीपीएस आणि फोटो घेतं, बरंच सोपं आहे, फक्त जागेवर उभं राहून मागच्या वर्षीचा पॉलिगॉन पायाखाली बघण्याची जी मजा क्यूफिल्डमध्ये आहे ती तिथे नाही.

सुरुवात मे मध्ये करू नका, कंटाळून सोडाल. ऑक्टोबरच्या शेवटी करा, जमीन अजून ओली असते म्हणून मूळ सुटतं, झाडावर फुलं असतात म्हणून नवीन माणसाला ओळखू येतं. बेस मॅप, म्हणजे मागचा नकाशा, आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घ्या आणि घरातून निघायच्या आधी एकदा फ्लाइट मोडवर टाकून प्रोजेक्ट उघडतो का बघा.